दहा वावरं, एक मंडळ : सुखात्मे, दांडेकर आणि सरासरीचं भांडण

आजच्या भागात गणित आहे, हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर मध्येच कुणीतरी रील बघायला निघून जाईल. पण याच गणितावर शेवगावातल्या एखाद्या घरात विम्याचे पैसे येणार की नाही ते ठरतं, तेव्हा जरा कळ काढा.

सुरुवात वावरातून करू. शेवगाव तालुका, जिल्हा अहिल्यानगर, म्हणजे कालपरवापर्यंतचं अहमदनगर. बाजरी काढणीला आलीय. एका शेतात चार-पाच माणसं उभी आहेत : कृषी सहायक किंवा तलाठी किंवा ग्रामसेवक, विमा कंपनीचा एक पोरगा, शेताचा मालक, आणि नेहमीप्रमाणे दोन बघे. हातात दोरी, टेप, चार खुंट्या. हे शेत कुणी ‘चांगलं पीक दिसतंय’ म्हणून निवडलेलं नाही. गावाच्या गट नंबरांतून चिठ्ठी टाकावी तसं, रँडम पद्धतीने निघालेलं आहे. शेतात नेमकं कुठे मापायचं तेही रँडम. एका कोपऱ्यापासून इतकी पावलं लांबीकडे, इतकी रुंदीकडे, तिथे पहिली खुंटी. मग ठरलेल्या मापाचा चौकोन, १० मीटर बाय ५ मीटरसारखा. त्यातली कणसं कापायची, मळायची, दाणे वजन करायचे, मोबाईलवर फोटो टाकायचा. याला म्हणतात पीक कापणी प्रयोग.

महाराष्ट्रात मोठ्या पिकांसाठी विम्याचं एकक महसूल मंडळ आहे आणि मंडळात एका पिकाचे असे किमान १० प्रयोग व्हावेत असा नियम आहे. दहा चौकोन. त्यांच्या सरासरीवर त्या मंडळातल्या हजारो शेतकऱ्यांचा निकाल. २०२५च्या खरिपापासून तर राज्याने एक रुपयाचा विमा बंद केला, बाकीचे बरेचसे निकष काढले, आणि भरपाई मुख्यतः याच कापणीच्या आकड्यावर आणून ठेवली. म्हणजे दहा चौकोनांचं वजन आणखी वाढलं.

मग पारावर प्रश्न येतोच : ‘माझ्या रानात कुणी आलंच नाही, तर माझं नुकसान त्यांना कळलं कसं?’ प्रश्न रास्त आहे. आणि त्याचं उत्तर शोधण्यात दोन मराठी माणसांनी आयुष्यातली बरीच वर्षं घातली. एक पांडुरंग वासुदेव सुखात्मे, दुसरे वि. म. दांडेकर. दोघंही पुण्याचे म्हणून ओळखले गेले, दोघंही आकडेवारीतले पहिलवान, आणि पुढे एका दुसऱ्याच प्रश्नावर दोघं एकमेकांसमोर उभे राहिले. ती गोष्ट आपण बघणार आहोत. पण आधी थोडं मागे जाऊ.

इंग्रजांच्या काळात पिकाचा अंदाज कसा व्हायचा? आणेवारीने. रुपयाचे १६ आणे, म्हणजे १६ आणे पीक हे पूर्ण पीक. पाटील-तलाठी रान नजरेखालून घालायचे आणि सांगायचे, यंदा आठ आणे, यंदा सहा आणे. आण्यांचे पैसे झाले, आणेवारीची पैसेवारी झाली, पण ‘पन्नास पैशांच्या आत की बाहेर’ हा प्रश्न आपल्याकडे अजूनही विचारला जातोच. नजरेचा अंदाज नेहमीच खोटा असतो असं नाही. जुना तलाठी रानाकडे बघून जे सांगेल ते पुष्कळदा बरोबर निघायचं. अडचण ही की तो किती चुकतोय हे कुणालाच कळायचं नाही. त्यातच शेतसारा सुटणार की नाही हे त्या आण्यावर अवलंबून, म्हणजे आकडा खाली ओढायला एक बाजू तयार, वर ढकलायला दुसरी.

१९२०च्या दशकात बिहार-ओरिसात हबॅक नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने भातावर रँडम कापणी करून बघितली. पुढे बंगालमध्ये प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी तागाच्या आणि भाताच्या मोठ्या पाहण्या केल्या. आणि १९४०मध्ये दिल्लीतल्या कृषी संशोधन परिषदेत आपले सुखात्मे दाखल झाले.

सुखात्मे मूळचे सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे, जन्म १९११चा. फर्ग्युसनमधून गणित घेऊन पदवी, मग लंडनचं युनिव्हर्सिटी कॉलेज. तिथे त्या काळी जगातली सगळी संख्याशास्त्राची भांडणं एकाच इमारतीत चालायची. एका बाजूला फिशर, दुसऱ्या बाजूला नेमन आणि ईगन पिअर्सन. सुखात्मे नेमन-पिअर्सन यांच्याकडे शिकले, नमुना कसा काढायचा यावर डॉक्टरेट केली. असा किस्सा सांगितला जातो की परत आल्यावर पंडित मदनमोहन मालवीयांनी त्यांना विचारलं, तुमच्या या विद्येचा भुकेल्या माणसाला काय उपयोग? किस्सा शब्दशः कसा घडला ते बाजूला ठेवू. पण सुखात्म्यांचं पुढचं आयुष्य त्या प्रश्नाभोवतीच फिरलं हे मात्र खरं.

परिषदेत आल्यावर त्यांनी आणि विनायक गोविंद पानसे यांनी पीक कापणीची पद्धत बसवली. वऱ्हाडात कापसावर, उत्तरेत गव्हावर प्रयोग झाले. या दोघांचं १९५४चं पुस्तक कृषी महाविद्यालयांत पिढ्यान्‌पिढ्या ‘पानसे-सुखात्मे’ याच नावाने ओळखलं जातं. राहुरीला शिकलेल्या कुणालाही विचारा.

इथे एक मजेशीर वाद झाला. महालनोबिस छोटे गोल चौकोन... सॉरी, छोटी वर्तुळं कापायचे, दोन-चार फूट त्रिज्येची. काम झटपट होतं, म्हणून जास्त शेतं बघता येतात. सुखात्मे म्हणाले, थांबा. छोटं वर्तुळ आखलं की त्याच्या कडेवर बरीच रोपं येतात. हे रोप आत की बाहेर? कापणारा माणूस असतो, हात आपोआप आतल्या बाजूला झुकतो. क्षेत्र लहान, कड त्या मानाने मोठी, म्हणून उत्पन्न फुगून दिसतं. १९४६मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात त्यांनी आकड्यांनिशी हे मांडलं. महालनोबिस यांचं म्हणणं, माणसं नीट शिकवलेली असतील आणि वर्तुळ अगदीच चिमुकलं नसेल तर असं होत नाही. वाद बरीच वर्षं चालला. मला यात सुखात्म्यांची बाजू जास्त पटते, कारण कामावर येणारा माणूस कायमच प्रशिक्षित आणि ताजातवाना असेल असं धरून पद्धत आखता येत नाही. आणि शेवगावच्या शेतकऱ्याच्या दृष्टीने बघा : चौकोनातून आकडा फुगला की कागदावर पीक चांगलं येतं, आणि भरपाई जाते.

पण चौकोनाचं माप ही झाली एक गोष्ट. आजचा खरा विषय आहे चौकोन ठेवायचे कुठे.

समजा तुमच्याकडे ४० प्रयोगांचे पैसे आहेत. पहिला मार्ग : चार गावं घ्या, प्रत्येक गावात दहा शेतं. गाडीचं डिझेल वाचलं, साहेब खूश. दुसरा मार्ग : वीस गावं, प्रत्येकी दोन शेतं. दोन्हीकडे ४०च चौकोन. मग फरक काय?

फरक असा की एका गावातली शेतं एकमेकांसारखी असतात. पाऊस तोच, ओढा तोच, जमीन बरीचशी तीच, बियाणं त्याच दुकानातलं, आणि पेरणी शेजाऱ्याने केली की आपणही करतो. म्हणून गावातलं पहिलं शेत बघितलं की दुसऱ्याबद्दल बरंच काही कळलेलं असतं. दहावं शेत तर जवळजवळ काहीच नवीन सांगत नाही. कोर्टात एकाच घरातले दहा साक्षीदार उभे केले तर न्यायाधीश त्यांना दहा धरेल का? तसंच.

या सारखेपणाला एक आकडा देता येतो, शून्य ते एक. संख्याशास्त्रात त्याला इंट्राक्लास कोरिलेशन म्हणतात, आपण सोयीसाठी ‘गटसाम्य’ म्हणू. शून्य म्हणजे एका गावातली शेतं एकमेकांना ओळखतसुद्धा नाहीत. एक म्हणजे सगळी जुळी भावंडं. समजा बाजरीसाठी हा आकडा ०.४ आहे. नियम असा : गावातल्या शेतांच्या संख्येतून एक वजा करा, गटसाम्याने गुणा, त्यात एक मिळवा, आणि एकूण प्रयोगांना त्याने भागा. पहिल्या मार्गात नऊ गुणिले ०.४ अधिक एक, म्हणजे ४.६. चाळीसला ४.६ने भागलं की साधारण ९. दुसऱ्या मार्गात १.४, म्हणजे साधारण २९. खर्च ४० चौकोनांचा, पण पहिल्यात हातात येते ९ स्वतंत्र शेतांची माहिती, दुसऱ्यात २९ शेतांची. ०.४ हा आकडा मी समजावण्यापुरता धरलाय, पण हिशेब असाच चालतो. म्हणूनच पानसे-सुखात्मे परंपरेत गावं जास्त आणि गावात शेतं दोन, अशी रचना रुळली.

हा विचार काही शेतीतून जन्मला नाही. १८६१मध्ये एअरी नावाच्या इंग्रज खगोलशास्त्रज्ञाने तोच त्रास लिहून ठेवलाय. एका रात्री दुर्बिणीतून दहा वेळा ताऱ्याची जागा मोजली तर दहाही मोजमापं एकाच बाजूला थोडी सरकलेली असतात, कारण त्या रात्रीची हवा, त्या रात्रीचं यंत्र. दुसऱ्या रात्री सगळी वेगळीकडे सरकलेली. त्याच्यासाठी रात्र हाच ‘गट’. पुढे फिशरने एकूण फरकाचे तुकडे पाडायची रीत घालून दिली : इतका फरक गटागटांमधला, इतका गटाच्या आतला. आजच्या भागात तुम्ही एवढंच लक्षात ठेवलं तरी पुरे, कारण पुढची दोन्ही भांडणं या दोन तुकड्यांचीच आहेत.

आता दांडेकर. विनायक महादेव दांडेकर, पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतले. १९७२मध्ये गुजरातेत एच-४ कापसावर पीक विमा सुरू झाला होता, शेतकऱ्यागणिक. प्रत्येकाचं नुकसान वेगळं मोजायचं. तो काही चालला नाही. हजारो शेतांत कोण जाणार? आणि विमा आहे म्हटल्यावर खुरपणीला कोण घाम गाळणार? वर ज्याचं रान मुळातच कच्चं तोच विमा घ्यायला पुढे. १९७६मध्ये दांडेकरांनी इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली या साप्ताहिकात लेख लिहून वेगळा रस्ता दाखवला. शेतकऱ्याचा विमा उतरवूच नका, परिसराचा उतरवा. परिसराचं सरासरी उत्पन्न पडलं तर त्यातल्या सगळ्यांना सारख्या दराने भरपाई, माझं-तुझं न बघता. मोजायला पीक कापणी प्रयोग आहेतच. १९७९मध्ये यावर प्रायोगिक योजना आली, १९८५मध्ये देशव्यापी, आणि २०१६ची प्रधानमंत्री पीक विमा योजनाही मुळात याच पायावर उभी आहे.

दांडेकरांची अट मात्र एका शब्दात होती : परिसर एकजिनसी हवा. म्हणजे गटसाम्य भरपूर हवं. माझं पीक गेलं तर शेजाऱ्याचंही गेलेलं असेल, त्याचं आलं तर माझंही आलेलं असेल. ते खरं असेल तर ‘माझ्या रानात कुणी आलंच नाही’ या तक्रारीला उत्तर आहे. तुझ्या रानाची बातमी शेजारच्या रानानं दिलीय. पण ते खरं नसेल तर? मग सरासरी कुणाचीच नसते.

शेवगाव तालुक्याचा नकाशा फोनवर उघडून बघा. उत्तरेला गोदावरी, मुंगीसारखी नदीकाठची गावं, पैठणच्या जायकवाडी धरणाचा नाथसागर, त्याचा फुगवटा. तिकडे पाणी आहे, उसाचे फड आहेत. खाली पाथर्डीच्या बाजूला सरकलात की आभाळाकडे बघणारी माळरानं. मध्ये कापूस, बाजरी, तूर. शंभरावर गावं आणि मोजकी मंडळं. आता एका मंडळात समजा निम्म्या गावांत हेक्टरी ९०० किलो बाजरी निघाली आणि निम्म्यांत ३००. सरासरी ६००. मंडळाची उंबरठ्याची पातळी ५५० असेल तर निकाल काय? नुकसान नाही! ज्याचं पीक तीनशेवर आलं, त्याच्या घरात हा निकाल कसा वाचला जात असेल, विचार करा. इथे कापणी करणाऱ्याने चोरी केलेली नाही, बेरीज चुकलेली नाही. गट चुकीचा बांधलाय. विमावाले या फटीला ‘बेसिस रिस्क’ म्हणतात. मराठीत सांगायचं तर, माझा जळाला आणि मंडळाचा वाचला.

हे झालं गावागावांतलं. एका मंडळाची मोजणी दरवर्षी होते, म्हणजे त्याच गटाची वारंवार नोंद. उंबरठा ठरतो तो या नोंदींवरून : मागच्या सात वर्षांतली सर्वांत चांगली पाच घ्या, सरासरी काढा, आणि ठरलेल्या जोखीमस्तराने, धरा ७० टक्क्यांनी, गुणा. दोन वाईट वर्षं गळतात, त्यामुळे वरवर पाहता न्याय्य वाटतं. पण दुष्काळ एकेकटा येतो असं कुणी सांगितलं? समजा सात वर्षांचे आकडे ९००, ८५०, ४००, ३००, ८००, ३५०, ७००. वाईट दोन काढली तरी ४०० आतच राहिलं. पाचांची सरासरी ७३०, तिचे ७० टक्के ५११. यंदा उत्पन्न ५००. भरपाई किती? ५११मधून ५०० गेले ११, भागिले ५११, म्हणजे शंभराला सव्वादोन रुपयेसुद्धा नाही. तेच ४००च्या जागी चांगलं वर्ष असतं, ८००चं, तर उंबरठा ५६७ झाला असता आणि त्याच ५००वर शंभराला जवळजवळ बारा रुपये मिळाले असते. म्हणजे ज्या मुलखाला दुष्काळ जास्त वेळा लागतो, त्याची ‘नेहमीची’ पातळी कागदावर खाली खाली सरकत जाते. आकडे कल्पित आहेत, सूत्र खरं आहे.

वाईट दिवसांची सवय झालीय म्हणून ते दिवस ‘नॉर्मल’ धरायचे का? हाच प्रश्न धरून आता दुसऱ्या भांडणाकडे चला, कारण तिथे पिकाच्या जागी माणूस आहे.

१९७१. दांडेकर आणि त्यांचे सहकारी नीलकंठ रथ यांनी ‘पॉव्हर्टी इन इंडिया’ हा अभ्यास प्रसिद्ध केला. माणशी रोज २२५० कॅलरी मिळतील एवढा खर्च ज्या घराला झेपत नाही ते गरीब. या मापाने १९६०-६१ सालची सुमारे ४० टक्के ग्रामीण आणि ५० टक्के शहरी जनता रेषेखाली निघाली. देश हादरला. दारिद्र्यरेषा हा शब्द चावडीवर पोचला तो या काळात.

सुखात्मे तोवर रोमला होते, संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि शेती संघटनेत. १९५१पासून वीस वर्षं त्यांनी तिथला आकडेवारीचा विभाग सांभाळला. जगात प्रथिनांचा तुटवडा आहे असा तेव्हा बोलबाला होता. सुखात्मे म्हणत, तुटवडा प्रथिनांचा नाही, एकूण खाण्याचाच आहे. पोटभर भाकरी-डाळ मिळाली की प्रथिनं आपोआप पुरतात. ते पुण्याला परतले आणि दांडेकरांच्या रेषेकडे वळले.

त्यांचा पहिला मुद्दा बिनतोड होता. २२५० ही सरासरी गरज आहे. समजा एका गावात प्रत्येकजण आपल्याला हवं तेवढंच जेवतो, कुणीही उपाशी नाही. कुणाची गरज २६००, कुणाची १९००. तरीही साधारण निम्मी माणसं सरासरीच्या खाली असणारच! त्यांना उपाशी मोजलं तर तो उपास गणिताने लादलेला.

मग रेषा कुठे ओढायची? इथे त्यांनी फरकाचे दोन तुकडे काढले. माणसामाणसांतला फरक, आणि एकाच माणसाच्या दिवसादिवसांतला, आठवड्याआठवड्यांतला फरक. ब्रिटिश सैन्यात नव्याने भरती झालेल्या तरुणांचं खाणं दिवसेंदिवस मोजलेलं होतं. त्या नोंदींवरून, अमेरिकेतले आहारशास्त्रज्ञ शेल्डन मार्गन यांच्यासोबत, सुखात्मे म्हणाले की एकाच निरोगी माणसाचं खाणं स्वतःच्या सरासरीभोवती बरंच हिंदकळतं, आणि आठवड्याची सरासरी काढली तरी हा फरक अपेक्षेइतका कमी होत नाही. कारण आजचा दिवस कालच्या दिवसाला चिकटलेला असतो. गावातली दोन शेतं सारखी, तसे सलग दोन दिवस सारखे. म्हणजे हेही गटसाम्यच, फक्त जमिनीवरचं नाही, काळातलं. यावरून त्यांनी पुढची उडी मारली : शरीर आपला कारभार सांभाळून घेतं, कमी मिळालं तर काटकसरीने वापरतं. हा फरक सरासरीच्या १५ टक्के धरला तर दोन पावलं खाली, म्हणजे सरासरीच्या ७० टक्क्यांपर्यंत, माणूस ठीक असू शकतो. उपाशी म्हणायचं ते त्याच्याही खाली असलेल्याला.

रेषा तीस टक्के खाली आली की काय होतं ते सांगायला नको. कोट्यवधी माणसं कागदावर एका रात्रीत उपाशी राहायची थांबली. आणि मग भडका उडाला. १९८१मध्ये त्याच वीकलीत दांडेकर आणि सुखात्मे समोरासमोर आले. आहारतज्ज्ञ सी. गोपालन यांनी कडक शब्दांत विरोध केला. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ डेव्हिड सेकलर यांनी तर गरिबाचं शरीर लहान आहे पण निरोगी आहे अशी मांडणी केली, तेव्हा गोपालन यांनी विचारलं, की हे लहान असणं फक्त गरिबांसाठीच चांगलं कसं?

सुखात्म्यांचा हेतू गरिबी लपवण्याचा होता असं मला वाटत नाही. शुद्ध पाणी, स्वच्छता, जंत, जुलाब यांच्याकडे लक्ष द्या, नुसता धान्याचा हिशेब मांडू नका, हे ते सतत सांगत होते आणि ते बरोबरच होतं. पण गणितात एक जागा घसरडी होती. भरती झालेल्या तरुणासमोर ताट भरलेलं असतं. तो मंगळवारी कमी जेवला तर गुरुवारी भरून काढतो. त्याची खालची कड ही येण्याजाण्याची जागा आहे. शेवगावच्या माळावरची, दुष्काळात कामावर खडी फोडणारी बाई त्याच कडेवर महिनोन्‌महिने राहते, आणि तिथून वर यायला तिच्या हातात काही नसतं. दोघांचा आकडा एक दिवस सारखा दिसेल. एकाचं ते हिंदकळणं, दुसरीचं ते मुक्कामाचं ठिकाण. ज्याच्याकडे एकाच दिवसाची नोंद आहे त्याला हा भेद दिसूच शकत नाही. त्यासाठी त्याच माणसाची पुन्हा पुन्हा नोंद लागते, आणि तीही पोट भरलेल्या सैनिकाची नाही, त्या बाईची.

आता गंमत बघा. विम्यात दांडेकर म्हणत होते, माणसामाणसांतला फरक सोडून द्या, गटाची सरासरी पुरे. भुकेत सुखात्मे म्हणत होते, सरासरीने फसू नका, आतला फरक बघा. दोघंही आपापल्या जागी निम्मे बरोबर. निम्मं कुठलं, ते मोजल्याशिवाय सांगता येत नाही.

मोजायची हत्यारं नंतर खूप सुधारली. त्यात एक वाटा गाई-बैलांचा आहे हे ऐकून हसाल. अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात हेंडरसन नावाचा पशुपैदास शास्त्रज्ञ होता. वळू दूध देत नाही, मग चांगला वळू ओळखायचा कसा? त्याच्या मुलींच्या दुधावरून. पण एका वळूच्या मुली दोनशे, दुसऱ्याच्या तीनच. तिघी भरघोस दूध देतात म्हणून तो वळू सर्वांत भारी? हेंडरसनचं उत्तर : जिथे नोंदी कमी तिथे आकड्याला एकूण सरासरीकडे ओढा, जिथे भरपूर तिथे त्याचा त्यालाच बोलू द्या. किती ओढायचं ते पुन्हा त्या दोन तुकड्यांवरून, गटांमधला फरक आणि गटातला फरक. याच कुळीला आज मिक्स्ड मॉडेल म्हणतात. संकरित गाईंचं काम करणाऱ्यांना, म्हणजे फुले त्रिवेणी जिथे तयार झाली त्या राहुरीच्या विद्यापीठातल्या लोकांनाही, हे हत्यार घरचंच.

आणि ते शेतातही आलं. १९८८मध्ये बॅटीस, हार्टर आणि फुलर या तिघांनी अमेरिकेतल्या आयोवा राज्यात १२ काउंटींचं मक्याचं आणि सोयाबीनचं क्षेत्र काढलं. प्रत्येक काउंटीत प्रत्यक्ष पाहिलेले तुकडे अगदी मोजके, पण उपग्रहाचं चित्र सगळीकडचं. कमी नोंदी असलेल्या काउंटीने शेजाऱ्यांकडून आणि उपग्रहाकडून थोडी माहिती उसनी घ्यायची, तिच्या स्वतःच्या शेतांचा आवाजही दाबायचा नाही.

शेवगावला हे लागू पडतं ते असं. लोक मागणी करतात की मंडळ नको, गाव हे एकक करा. योजनेच्या नियमांत गावपातळीला मोठ्या पिकासाठी किमान चार प्रयोग धरलेत. गाव एकक झालं तर माझा जळाला आणि मंडळाचा वाचला हे बरंच थांबेल. पण चार चौकोनांची सरासरी दहांपेक्षा जास्त हिंदकळणार. एखादा चौकोन चुकून ओढ्याकाठच्या चांगल्या वावरात पडला की अख्ख्या गावाची भरपाई बुडाली. शिवाय शंभरावर गावं गुणिले चार गुणिले पिकं, आणि काढणी सगळीकडे त्याच पंधरवड्यात. तितकी माणसं आणायची कुठून? माणसं कमी पडली की चौकोन बांधावर उभं राहूनच भरले जायची भीती, म्हणजे आपण फिरून आणेवारीवर आलो.

माझं मत विचाराल तर गाव आणि मंडळ यांतलं एक निवडायची गरजच नाही. गावाची स्वतःची चार शेतं, मंडळातल्या बाकीच्या गावांची शेतं, त्याच गावाची मागची वर्षं आणि उपग्रहाचं चित्र, हे एकत्र तोलता येतं. फक्त दोन गोष्टी आधी व्हायला हव्यात. मुंगीकडचं बागायती रान आणि पाथर्डीकडचं कोरडवाहू रान एका गटात कोंबायचं बंद करावं लागेल. आणि कुठल्या शेताला किती वजन दिलं ते गावाला कळेल अशा मराठीत चावडीवर लावावं लागेल. कारण मॉडेल कितीही चांगलं असलं तरी ज्याची बाजरी गेली त्याला आकडा तपासता आला नाही, तर त्याच्यासाठी ती जुन्या तलाठ्याची नजरच आहे, फक्त कॉम्प्युटरवरची.

तोवर एक काम तुम्ही करू शकता. तुमच्या मंडळात यंदा कुठल्या गट नंबरांत प्रयोग लागलेत ते कृषी सहायकांना विचारा, आणि कापणीच्या दिवशी बघे म्हणून का होईना, तिथे जाऊन उभे राहा. चौकोनाच्या कडेवरची रोपं आत धरतायत की बाहेर, तेवढं बघा. भेटू पुढच्या भागात.